भाऊंचा पिवळा स्टिकर

कुठलीही वस्तू समोर आली की भाऊ आधी तिला उलटा हात लावायचे. द्राक्षांची पेटी असो, आमच्या घरचा फ्रिज असो, नाहीतर शेजाऱ्यांनी नुकतीच घेतलेली गाडी असो. हात लावायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "सध्या होल्ड." नव्या कोऱ्या गाडीला कसला होल्ड, म्हणून शेजारी चिडले. भाऊ म्हणाले, "एसी उशिरा पकडतोय. दाखवून घ्या." दाखवला, तर गॅस खरंच कमी निघाला. अशा माणसाशी वाद घालणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक असेल. प्रत्येक बिल्डिंगमध्ये असा एक तरी असतो.

दुबईत रास अल खोरला आमच्या कंपनीचं फळांचं कोल्ड स्टोअर आहे. मी तिथे कागदपत्रं बघते आणि भाऊ माल उतरवून घ्यायचे. मूळचे तासगावचे, द्राक्षांच्या बागेत वाढलेले. आमची बिल्डिंगही एकच, अल कुसैसला. मी चौथ्या मजल्यावर, ते दुसऱ्यावर एकटे. बायकोमुलं गावी. सकाळी मी त्यांच्याच गाडीतून कामावर जायचे. ते दिवसभर पाणी म्हणून प्यायचे नाहीत. मी बाटली पुढे केली की म्हणायचे, "कोल्ड स्टोअरमधल्या माणसाला तहान लागत नाही, ताई." मी पुष्कळ ओरडायचे, पण पाण्याच्या बाबतीत त्यांनी माझं कधी ऐकलं नाही.

त्यांच्या खिशात पेनाशेजारी पिवळ्या स्टिकरांची गुंडाळी असायची. स्टिकरवर वर मोठ्या अक्षरांत होल्ड आणि खाली चार रकाने: माल, कारण, कोणी लावला, कधीपर्यंत. ज्या मालावर हा स्टिकर बसला तो मग जागचा हलत नसे. एकदा खुद्द मॅनेजर येऊन "यल्ला भाऊ, चला, कस्टमर थांबलाय" म्हणून नाचला, तरी भाऊ ढिम्म. नियम एकच होता. ज्याने लावला त्यानेच काढायचा.

ही सवय घरापर्यंत आली होती. माझ्या लेकीने शाळेसाठी केलेलं पवनचक्कीचं मॉडेल भाऊंनी पाहिलं, उलटा हात लावला आणि त्यावर स्टिकर चिकटवून गेले. ती रडकुंडीला आली. "मम्मा, ही पुट माय प्रोजेक्ट ऑन होल्ड." कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गोंद ओला.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन भाऊंनी स्वतः स्टिकर काढला, तोवर लेकीने मॉडेलला बोटही लावलं नव्हतं.

माझी आई तेव्हा आमच्याकडे, माझ्याच व्हिसावर राहत होती. वय बहात्तर, जोडीला मधुमेह. तिचं आणि भाऊंचं फार जमायचं. ते तिला मावशी म्हणत आणि द्राक्षांची पेटी आणून देत, आणि ती साखर वाढते म्हणून एकही द्राक्ष न खाता पेटीचं कौतुक करत बसे. आई देवाच्या बाबतीतही थोडी शंका ठेवून असते, पण भाऊंच्या शब्दावर तिने कधी शंका घेतली नाही. माझी सगळी पंचाईत झाली ती त्यातूनच.

कोरोनाची लस आली तेव्हा बिल्डिंगच्या ग्रुपवर जुंपली. चिनी घ्यायची की अमेरिकन, इथपासून सुरुवात. पाचव्या मजल्यावरचे बँकवाले रोज सकाळी लसीच्या बाजूने तीन लेख टाकायचे आणि पहिल्या मजल्यावरच्या योगवाल्या बाई दुपारपर्यंत त्यांना काढ्याच्या पाच कृतींनी उत्तर द्यायच्या. कुणाच्या तरी चुलतभावाचा हात सुजला होता, कुणाचा तरी मेहुणा ठणठणीत होता. मी आधी सगळं वाचायचे, मग उत्तरादाखल नुसती अंगठ्याची चित्रं टाकायला लागले. भाऊ इतके दिवस गप्प होते. मग एका दुपारी त्यांनी एक फोटो टाकला. भिंतीवर लावलेला पिवळा स्टिकर. माल: लस. कारण: वाटेत थंड राहिली का, कागद पाहिला नाही. कोणी लावला: खाली त्यांची सही.

योगवाल्या बाईंनी हात जोडले. अर्ध्या बिल्डिंगने लिहिलं, आम्हीही थांबतो. भाऊ मला म्हणाले, "मी तर माझ्यापुरतं टाकलं होतं." ग्रुपवर टाकलेलं माझ्यापुरतं कसं राहील, हे वीस वर्षं दुबईत काढलेल्या माणसाला कळू नये याचा मला रागच आला.

लस नाही म्हणून ऑफिसच्या नियमाने त्यांना दर आठवड्याला नाकात काडी घालून घ्यावी लागे. ते निमूट जात. परत आले की डोळे पुसत म्हणत, "काडी होल्डवर ठेवता येत नाही, ताई." मी हसायचे. घरी आल्यावर मात्र हसू यायचं नाही, कारण आईने जाहीर केलं होतं, "भाऊ घेतील तेव्हा मी घेईन."

मी समजावलं, चिडले, लेकीने तर सेंटरची अपॉइंटमेंटही काढून ठेवली. "आज्जी, प्लीज, इट्स जस्ट अ स्मॉल पिंच." आई म्हणाली, "पिंचचं नाही गं. ज्याने लावला त्यानेच काढायचा असतो." भाऊंचा नियम तिला तोंडपाठ होता.

नवीन वर्ष लागलं आणि केसेस चढायला लागल्या. रोज दुपारी आकडा यायचा, कालच्याहून मोठा. आमच्याच तिसऱ्या मजल्यावरची दोन घरं बंद झाली. त्यातल्या एका घरातल्या, आईच्याच वयाच्या आजोबांना स्ट्रेचरवरून खाली नेताना मी जिन्यात भिंतीला चिकटून उभी होते. वर आले तर आई त्याच जिन्याकडे बघत दार उघडं टाकून उभी. त्या दिवशी मी फार घाबरले.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी भाऊंना सांगून टाकलं. "भाऊ, आई तुमच्यासाठी थांबलीय. तुम्ही स्टिकर काढल्याशिवाय ती लस घेणार नाही."

हायवेवरून उतरायचा आमचा एक्झिट मागे पडला, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग म्हणाले, "त्या फोटोत चौथा रकाना काय लिहिला होता मी?"

मी फोनवर तो फोटो उघडून पाहिला. कधीपर्यंत, याच्यापुढे काहीच नव्हतं.

"इकडे आलो त्या वर्षी," भाऊ म्हणाले, "डाळिंबांचं एक पॅलेट होल्डला टाकलं होतं. थोडा संशय होता, बस. तारीख लिहायची राहिली आणि मी विसरलो. सोळा दिवसांनी आठवलं. माल चांगला होता हो, ताई. होल्डवर राहूनच कुजला." त्यांनी पुढच्या सिग्नलला गाडी वळवली. "मावशींना सांगा, शुक्रवारी सकाळी तयार राहा."

शुक्रवारी आम्ही तिघं सेंटरवर गेलो. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, मालाची पाहणी करायला निघाल्यासारखे. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी केरळी नर्सला विचारलं, "सिस्टर, फ्रिज का टेंपरेचर चार्ट दिखाएंगे?"

ती बघतच राहिली. "अंकल, आप इन्स्पेक्टर हैं क्या?"

"नहीं. मैं अंगूरवाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे ही रांग. पण ती पोरगी हसली, आत गेली आणि चार्टची फाइल घेऊन आली. भाऊंनी प्रत्येक ओळीवर बोट फिरवत पानं वाचली. दोन ते आठ डिग्री, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक नोंदीपुढे सही. फ्रिजला उलटा हात लावू का, असंही विचारलं, त्याला मात्र तिने सरळ नाही म्हटलं. भाऊंनी फाइल मिटून परत दिली आणि आईकडे वळून म्हणाले, "मावशी, एक रकाना रिकामा नाही. माझ्यापेक्षा बरं काम आहे." मग बाही वर केली. त्यांच्यानंतर आई बसली आणि सुई बाहेर आली तरी विचारत होती, "टोचली का?"

त्याच दुपारी ग्रुपवर कापूस चिकटवलेल्या दंडाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'होल्ड काढला. कागद पाहिला, बरोबर आहे. तारीख लिहिली नव्हती, चूक माझी.' बँकवाल्यांनी हार्ट पाठवलं. योगवाल्या बाईंनी दोन दिवस काही लिहिलं नाही आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, सेंटर कुठलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी आईला थोडी कणकण आली. भाऊ दाराशी उभे राहिले, मास्क लावून, हात सॅनिटायझरने दोनदा चोळून. वर्षभर आमच्या घरात बाहेरच्या कुणी कुणाला स्पर्श केला नव्हता. ते आत आले, वाकले आणि आईच्या कपाळाला उलटा हात लावला. "काही नाही, मावशी. उद्या उतरेल." आईने डोळे मिटून घेतले, आणि मी उगाचच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, कारण मला रडू येत होतं.

पुढे पुण्याला आपल्या घरी जायची घाई करणाऱ्या आईच्या बॅगेवरही त्यांनी स्टिकर लावला. या वेळी चौथ्या रकान्यात ठळक लिहिलं होतं, 'दुसरा डोस, वर पंधरा दिवस.' पंधरा दिवस भरले त्या दिवशी सकाळी आठलाच येऊन काढला. आई सुखरूप पोचली.

दोन वर्षांनी भाऊ कायमचे गावी निघाले. फ्लाइट रात्रीची, म्हणून संध्याकाळी भेटू असं ठरलं होतं. मी आणि लेक दुपारी त्यांच्यासाठी शाल आणायला शारजात रोल्लाच्या बाजारात गेलो आणि परतताना तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. घरी पोचलो तेव्हा टॅक्सी निघून गेली होती आणि आमच्या दारावर पिवळा स्टिकर होता.

माल: निरोप. कारण: घरी कोणी नाही. कोणी लावला: सही. कधीपर्यंत: दिवाळी, पुणे, मावशींकडे.

मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती त्या दिवसापासूनच थालिपिठाची भाजणी कुठून घ्यायची ते ठरवायला लागली. पण गणपती उठले आणि त्याच आठवड्यात तासगावहून फोन आला, भाऊ गेले. मूत्रपिंडाचं दुखणं, जुनंच. आम्हाला कुणाला त्यांनी सांगितलं नव्हतं. शाल अजून माझ्या कपाटात आहे.

गेल्या महिन्यात बिल्डिंगची दारं रंगवायला काढली. आमच्या दाराशी येऊन पेंटरने स्टिकरच्या कडेला नख घातलं आणि विचारलं, "मॅडम, ये निकाल दूँ?"

मी तोंड उघडायच्या आत, घरात एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी माझी लेक पुढे झाली. "नहीं भैया. जिसने लगाया, वही निकालेगा."

पेंटरने तेवढा चौकोन सोडून दाराला रंग दिला.