हाडोळ्यातली विहीर

श्रावणकाकाने अल्लीपूरच्या आसपास तीसेक विहिरी खोदल्या. माझा हा काका सापाला भीत नाही, सुरुंगाला भीत नाही. तो एका हाडाला भ्याला, तेव्हा मला हसू फुटलं.

विहीर आमच्याच हाडोळ्यात होती. गावातली मेलेली ढोरं ओढायच्या कामापोटी आमच्या पूर्वजांना मिळालेली ही जमीन. धम्म घेतला तसं आज्यानं ते काम टाकलं. जमीन राहिली आणि नावही राहिलं. तिथं हाड निघालं तर कोणी वळून पाहत नाही. काकानेही पहिली दोन ढिगाऱ्यावर फेकली. तिसरं मात्र घेऊन तो थेट घरी आला.

"वीस फूट काळा दगड म्या सोता फोडला, नंदिनी. हे त्याच्या खाली निंगालं. अखंड दगडाखाली ढोर गाडलं कोनं?" त्याने हाड माझ्यापुढे धरलं.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. शहाणपणा दाखवायची संधी सोडते थोडीच! हाडाचा तुकडा जिभेला लावला, तो चिकटला. दगड झालेलं हाड बरेचदा असं चिकटतं.

धुरपताकाकू किंचाळलीच. "आज्यानं जे सोडलं, ते तू जिभेले लाऊन राह्यली काय वं!"

मी समजावलं. हे ढोर नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, थिजून काळा दगड झाला. पुढचा लाव्हा यायला मध्ये बराच काळ गेला. तेवढ्यात तळी साचली, जनावरं पाण्यावर आली, मेली, गाळात रुतली. मग वरून पुन्हा लाव्हा.

काकाने एवढंच विचारलं, "म्हंजे दगडाखाली गाळ हाये?"

"हो."

"मंग वरचा दगड कायच्यावर उभा हाये?"

दुसऱ्या दिवशी त्याने खोदकाम बंद केलं. पण खाली भिंतीत त्याला दात दिसले होते, आणि दातांवरून जनावर ओळखता येतं. मी हट्ट धरला. शेवटी त्याला घाबरट म्हणाले. "धा मिंट," म्हणून तो माझ्यासोबत उतरला.

मी छिन्नी चालवत होते, तो लोखंडी सब्बलीने भिंत ठोकत कान देत होता. दगड खणखणत होता. मग एकदा नुसताच बद्द आवाज आला.

"वर चाल."

"एक मिनिट काका, सुटतोच आहे."

"नंदिनी!" त्याने मनगट धरून मला बकेटीत कोंबलं आणि वर बकेट ओढायच्या मोटारीवर बसलेल्या काकूला "ओढ" म्हणून ओरडला. मी काठावर आले. तो शिडीवर अर्ध्यात होता, आणि भिंत बसली.

धूळच धूळ. काकू त्याचं नाव घेऊन ओरडत होती, खालून ओ येत नव्हती. मीच मारलं त्याला, एवढंच डोक्यात होतं. मग शिडीच्या वरच्या पायरीवर त्याची बोटं दिसली.

काका त्यानंतर विहिरीत उतरला नाही. ते तिसरं हाड त्याने खिडकीत ठेवलंय. परवा ते हातात फिरवत म्हणाला, "तुले हाक माराले मी तरी होतो. याले कोनीच नोतं."