बुधवार आणि रविवार, दोन ते तीन

कोळसाखाणींच्या कुम डेरू खोऱ्यातल्या खाणकामगार इस्पितळात काइनवेन प्रॉसर मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांची प्रमुख, झाली, तेव्हा तिच्या आईचा ऊर भरून आला आणि इडवाल पॅरी बोटांवर वर्षं मोजू लागला. इडवालशी तिचं लग्न ठरलं होतं, आणि लग्न झालेल्या बाईला त्या इस्पितळात नर्स म्हणून राहता येत नसे. मग ती कालची पोर असो की खुद्द मेट्रन. बोटात अंगठी आली की गणवेशाचा पट्टा सोडून द्यायचा आणि घरी चूल सांभाळायची.

"थोडं थांबू," काइनवेन म्हणाली. "शाळा एकदा मार्गी लागू दे."

शाळा म्हणजे नर्सांची. आमच्या खोऱ्यातल्या पोरी मिसरूड न फुटलेल्या भावांच्याही आधी घर सोडून लंडनला धुणीभांडी करायला जायच्या. काइनवेनने इस्पितळाच्या जुन्या धोबीखान्यात बाकं टाकली आणि त्याच पोरींना नर्स करायला घेतलं. डॉक्टरांनी नाकं मुरडली. धड इंग्रजी न येणाऱ्या या पोरी काय दिवे लावणार, म्हणाले. ती ऐकून घ्यायची आणि आपलं तेच करायची. ती गेली असती तर शाळेला दुसऱ्या दिवशी टाळं लागलं असतं. हे इडवाललाही कळत होतं, म्हणून तोही थांबला. रविवारी चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसायची आणि परतताना डोंगरावरच्या रस्त्याने बरोबर चालायची, मध्ये तिसरं माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. गाव काही आंधळं नव्हतं.

"काय रे इडवाल, बार कधी उडवतोस?" खाणीतली पाळी संपवून वर येताना लोक विचारायचे.

"कोळसा संपला की," तो म्हणायचा.

इस्पितळ चालायचं खाणकामगारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या पैशांवर, त्यामुळे कारभारही त्यांच्याच कमिटीकडे. प्रत्येक खाणीच्या युनियनने आपला एक माणूस तिथे पाठवायचा, आणि त्या माणसाने युनियनच्या सभेत ठरलं असेल तसाच हात वर करायचा. इडवाल त्यातलाच एक. मंदीच्या वर्षांत, निम्म्या खाणी बंद पडलेल्या असताना, वरच्या खाणीच्या माणसाने ठराव मांडला की हा लग्नाचा नियम काढून टाकावा. त्याची स्वतःची मुलगी नर्स होती, उगाच कशाला खोटं बोला.

दोन्ही बाजूंना सारखेच हात झाले. राहिला इडवाल. तेव्हा अध्यक्ष काटेवाला डॅन काइनवेनकडे वळला. खाणीच्या तोंडाशी काट्यावर उभं राहून मालक कोळशाच्या वजनात काटा मारत नाहीत ना, हे बघायचं त्याचं काम, म्हणून हे नाव.

"मेट्रनबाई, तुमचं काय म्हणणं?"

काइनवेनने समोरच्या दौतीचं झाकण लावलं. मनातलं बोललं तर आपल्याच लग्नासाठी चाललंय असं सगळे म्हणणार, ही तिला भीती.

"निर्णय कमिटीचा आहे," ती म्हणाली.

इडवालने हात वर केला. नियम ठेवण्याच्या बाजूने.

त्या रविवारी डोंगराच्या रस्त्यावर मधलं अंतर दुप्पट होतं.

"लाज नाही वाटली?" तिने विचारलं.

"आमच्या सभेत ठरलं होतं, काइन. ज्या घरात नवरा कमावतोय तिथे दुसरा पगार नको. निम्म्या घरांत चूल पेटत नाहीये. मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता."

"आणि तुझं स्वतःचं मत?"

"माझं कोणी विचारलं नाही. तुझं विचारलं होतं."

मला विचाराल तर त्या दिवशी दोघांचेही कान उपटायला हवे होते. पण आमच्याकडे माणसं शब्दाला जागतात आणि मग जन्मभर त्या शब्दात कोंडून पडतात.

त्याच हिवाळ्यात नेस्टा नावाच्या तरुण नर्सच्या गळ्यात, गणवेशाच्या आत, दोरीला बांधलेली अंगठी सापडली. काइनवेनने तिला आपल्या खोलीत बोलावलं.

"पट्टा, नेस्टा."

"अख्ख्या खोऱ्यात कोणाला नाही तर तुम्हाला तरी कळायला हवं, मेट्रन!"

"पट्टा."

नेस्टा गेल्यावर काइनवेन दाराला कडी लावून पोटभर रडली. मग तोंड धुऊन फेरीला गेली.

पुढे एका नर्सने आपल्या भावाच्या खाटेपाशी रडता रडता त्याला दुप्पट औषध पाजलं. पोरगा वाचला, पण काइनवेनने लगेच नवा नियम केला: ज्या वॉर्डात आपलं माणूस आहे तिथे नर्सने कामासाठी पाऊल टाकायचं नाही. भेटायचं ते इतर घरच्यांसारखं, बुधवारी आणि रविवारी, दोन ते तीन. हा नियम तिचा स्वतःचा होता आणि तिला त्याचा अभिमान होता.

युद्ध आलं, नर्सा कमी पडल्या, आणि लग्न झालेल्यांना पुन्हा बोलावणी गेली. नेस्टा आली आणि पुरुषांच्या वॉर्डाची प्रमुख झाली. युद्ध संपल्यावर कमिटीने लग्नाचा नियम कायमचा काढून टाकला. सगळे हात वर गेले, त्यात इडवालचा पहिला. सभा सुटल्यावर तो जिना चढून काइनवेनच्या दारात आला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता," ती म्हणाली. पण त्या एका शब्दामागचा त्याचा श्वास तिने ऐकला होता. खाणीची धूळ छातीत कशी वाजते हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

पानगळ सुरू झाली तेव्हा इडवाल पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होता.

"पाद्र्यांना इथेच बोलाव," तो हळूच म्हणाला. "उभं राहता येत नाही, पण हो म्हणता येतं."

"नको."

"आता आणखी कोणती शाळा राहिलीय?"

"तुझी बायको झाले तर मला बुधवारी आणि रविवारी येता येईल. मेट्रन आहे म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ येतेय."

तो हसला आणि खोकल्याने वाकडा झाला. "कोणत्या गाढवाने केला हा नियम?"

"मी."

नेस्टाने हे ऐकलं होतं. ती मेट्रनच्या मागोमाग बाहेर आली. "मग बदला ना. तुमचाच तर आहे."

"स्वतःसाठी? नियमावर बोट ठेवून ज्यांना मी बाहेर काढलं त्यांना काय तोंड दाखवू?"

"मलाच काढलंत. मीच सांगतेय, बदला."

काइनवेनला ते जमलं नाही. तिला स्वतःचा राग आला, पण जमलं नाही. ती फेरीला यायची, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची, विचारपूस करून पुढे सरकायची. मेट्रनला फेरीत बसलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. इडवालच्या खाटेपाशीही तेवढंच.

"झोप लागली?"

"लागली, मेट्रन."

एका संध्याकाळी तिने विचारलं आणि उत्तर आलं नाही. त्याचे ओठ निळे पडले होते, नजर तिच्यावर होती. ती पायथ्याशी उभी राहिली. पुढच्या खाटेकडे जाईना, जवळही जाईना. सगळा वॉर्ड तिच्याकडे बघू लागला.

शेजारच्या खाटेवर काटेवाला डॅन होता, मोडलेला पाय वर टांगलेला. तो खाकरला.

"ठराव मांडतो," तो सभेतल्या आवाजात म्हणाला. "या वॉर्डाने दाराकडे तोंड करावं. बाजूने कोण?"

खाटा करकरल्या. एकेक जण कण्हत, खोकत दाराकडे वळला. दारातल्या नेस्टानेही पाठ फिरवली.

"विरुद्ध कोणी नाही. मंजूर," डॅन म्हणाला. त्याला वळता येत नव्हतं, म्हणून त्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

काइनवेनने खुर्ची ओढली आणि बसली. इडवालचा हात तिने दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माणसांसमोर तिला "काइन" म्हटलं.

इडवालचा श्वास चालू होता तोवर वॉर्डात एकानेही कूस बदलली नाही.