कैरी-पुदिन्यातली कोंबडी

मला मिरवायची हौस लहानपणापासूनच. आई म्हणायची, हिच्या दोन पोळ्या बऱ्या फुगल्या तरी गावजेवण घातल्याच्या ऐटीत सांगत सुटते. खरंच होतं ते. त्याच हौसेनं मला जन्माची अद्दल घडवली.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. आम्ही दोघं नवरा-बायको जुन्या जालन्यात दोन पत्र्याच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. एप्रिल संपत आला होता. नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला कुंभार पिंपळगावाहून माझे थोरले दीर आणि जाऊबाई आल्या. सासूबाई उन्हामुळं गावीच राहिल्या होत्या. भाऊजींनी येताना एक गावरान कोंबडी आणलेली, पाय बांधून, पिशवीत घालून, एसटीत सीटखाली ठेवून. अंडी द्यायची बंद झालेली, चांगली म्हातारी होती.

जाऊबाईंना मी अक्का म्हणायची. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्हीदा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. कुणाचं डोहाळजेवण असलं की गावातल्या बायका तिला आवतण द्यायचं नेमकं विसरायच्या. ते मला फार लागायचं, पण तोंड उघडायची माझी पायरी नव्हती.

त्या दिवशी कापडाच्या दुकानातून आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. म्हणाली, "माय, माझ्यासाठी तेल-मसाल्याचं काही करू नकोस. फोडणीचा वासच सोसंना झालाय. ऊन बाधलं असंल."

झालं, माझ्या अंगात आलं. काळा मसाला नाही, खोबरं नाही, वर तर्री नाही. कैरीचा कीस, दोन मुठी पुदिना, कोथिंबीर, दोनच हिरव्या मिरच्या, आणि पातळ हिरवा रस्सा. जेवणावर गार खरबूज. असं हलकं जेवण अख्ख्या भावकीत कुणी केलं नसेल, असं मनाशी म्हणत मी पदर खोचला. अडचण एकच होती. ती म्हातारी कोंबडी शिजायला तीन तास घेणार, आणि त्या पत्र्याखाली तीन तास स्टोव्ह पेटता ठेवायचा म्हणजे आमचीच भाजणी.

शेजारच्या भाभीनं मला एक युक्ती सांगितली होती. तिच्या अंगणात पपईचं झाड होतं. "कच्ची पपई छिलके के साथ पीस के लगा दे. एक घंटा रख दे, बस." मी तशीच लावली. तासाभरानं कोंबडी चढवली आणि बघता बघता मांस हाडापासून सुटलं. वरून पुदिना पडला तेव्हा खोलीतला उकाडासुद्धा सुसह्य वाटला.

पुरुष आधी जेवले आणि ओट्यावर जाऊन बसले. मग आम्ही दोघी बसलो. अक्कानं आधी चमचाभर रस्सा भातावर घेतला. मग आणखी घेतला. मग स्वतःहून पातेलं पुढं ओढलं. तिला असं मागून घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"दोन महिन्यांत आज पोटभर जेवले बघ," ती म्हणाली. "पर ही थेरडी इतकी मऊ कशी झाली गं? आमच्याकडं असली कोंबडी दुपार खाती."

मी तर वाटच बघत होते. "कच्ची पपई लावली, अक्का. भाभीची करामत. गावी कुणाला सांगू नका, न्हाईतर माझा भाव कमी होईल."

अक्काचा हात ताटातच थांबला. हातातला घास तिनं परत भातावर ठेवला. मी हसतच होते, आणि ती हसत नाही हे कळायला मला वेळ लागला.

"मला दिवस गेलेत," ती हळूच म्हणाली. "अडीच महिने झाले. तुझ्या भाऊजींबिगर कुणाला म्हाईत न्हाई. तीन भरले की सांगणार व्हते."

आमच्यात तीन महिने ही गोष्ट तोंडातून काढत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. आणि पोटुशीनं पपई खाऊ नये, हे आमच्यात शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. मी म्हणाले, "उठा अक्का, आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडं जाऊ."

"नको. बोभाटा व्हईल. झाकली मूठ ऱ्हाऊ दे. अन् हे पपईचं कुणाला बोलू नको, नवऱ्याला बी न्हाई. मंग तुला जगू देणार न्हाईत."

तिनं ताट बाजूला सारलं. खरबूज चिरून ठेवलं होतं, ते दोघींनीही खाल्लं नाही.

सकाळी ती दोघं एसटीनं गावी गेली. माझा जीव टांगणीला लागला. दारात सायकल थांबली तरी तार आली म्हणून मी बाहेर धावायची. कधी नव्हे ती मी देवापुढं बसू लागले आणि मागणं एकच असायचं, आजचा दिवस जाऊ दे. असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी भाऊजी आणि सासूबाई जीप करून तिला जालन्याला घेऊन आले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

डॉक्टरीणबाईंना मी बाहेर गाठून एका दमात सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिजलेल्या चमचाभर पपईनं असं होत नसतं. आधीची दोन काय पपईनं गेली होती का?" त्या शब्दांना मी आजही धरून बसले आहे. पण मध्येच वाटतं, पपई लावली नसती तर?

आत सासूबाई खाटेशी बसल्या होत्या. माझ्याकडं बघतच त्यांनी अक्काला विचारलं, "जालन्याला काय खाल्लं व्हतंस?"

अक्कानं डोळे मिटलेले होते. "वरण-भात. कोंबडीच्या वासानं मळमळत व्हतं. मी शिवले बी न्हाई."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा कुणाला आवरत नाही, आणि त्या दिवशी मी भिंतीला टेकून गप्प उभी राहिले. स्वतःची लाज वाटली, तरी नाही बोलले. संध्याकाळी दोघीच असताना मी तिला डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, "असंल." तिला परत दिवस गेले नाहीत.

तीन वर्षांनी मला गेले. उन्हाळाच होता, पोटात अन्न टिकत नव्हतं. कळल्यावर अक्का गावाहून आली, हातात पिशवी, पिशवीत कोंबडी. मला तिनं स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. कैरी किसली, पुदिना निवडला, दोनच मिरच्या घातल्या. सगळं माझ्यासारखंच. फक्त भर दुपारी तीन तास ती त्या स्टोव्हपाशी बसून राहिली. घामानं चोळी पाठीला चिकटली होती. मी म्हणाले, "अक्का, बाहेर या जरा." ती आली नाही.

मग तिनं मला वाढलं आणि समोर बसली. मी पहिला घास तोंडात घातला.

"चिवट हाय जरा," अक्का म्हणाली. "नीट चावून खा."

मी मान खाली घालून चावत राहिले. माझं ताट रिकामं होईपर्यंत ती जागची हलली नाही.