‘पती’ हा शब्द कोणाचा?

माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या एका शब्दामुळे एक माणूस फासावर जाता जाता राहिला. म्हणून ते प्रकरण मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. त्यात ज्या बाईमुळे मी शहाणा झालो, तिचं नाव इथे देत नाही. गावातली जुनी माणसं न सांगताही ओळखतील.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, तो भाग अकोला जिल्ह्यात मोडायचा. मी फौजदार म्हणून तिकडच्या एका ठाण्यावर नुकताच हजर झालो होतो. मूळचा साताऱ्याकडचा. आपलं अक्षर वळणदार आणि मराठी शुद्ध, याचा मला भारी तोरा. साक्षीदार वऱ्हाडीत बोलायचा आणि मी ते पुस्तकी मराठीत उतरवून काढायचो. आमचे जमादार त्याच मुलखातले, मुरलेले. ते म्हणायचे, "साहेब, तुमी जबाब घेता का आमच्या बोलीले इस्त्री करता?" मी ते हसण्यावारी न्यायचो.

एके दिवशी दुपारी शेलूबाजारहून आलेल्या जीपवाल्याने पोलीस पाटलाची चिठ्ठी आणून दिली. शेतातल्या भांडणात गोळी चालली आहे, एक मयत आहे, आणि मारणारा बंदुकीसह पाटलाच्या ओट्यावर येऊन बसला आहे. ठाणे डायरीत नोंद करून आम्ही त्याच जीपने निघालो.

मयत आणि आरोपी चुलतभाऊ. आरोपीचा भाजीपाल्याचा मळा आत होता आणि त्याची बैलगाडी मयताच्या शेतातल्या वाटेने बाजाराला जायची. त्या वाटेवरून दोन वर्षं तहसीलीत तारखा चालल्या होत्या. आरोपीकडे रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. एक बार उडाला की पुन्हा दारू ठासून भरावी लागायची, अशी जुनी.

पंचनामा केला, बंदूक जप्त केली, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. घटना डोळ्यांनी पाहणारी साक्षीदार एकच, मयताची बायको. न्याहारी घेऊन ती शेतात गेली होती. तिचा जबाब मी घरीच घेतला, आणि तोही सासरा, दीर, सगळा गोतावळा भोवती असताना. ही माझी पहिली चूक. मी विचारलं, "आरोपी तिथे काय करत होता?"

"वाट पाहून राह्यला होता," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना. बाकीचं सासऱ्याने भरभर सांगितलं.

ठाण्यात आणल्यावर आरोपीलाही मी तोच प्रश्न केला.

"वाट पाहून राह्यलो होतो."

"बंदूक घेऊन?"

"हौ. ते त रोजच राह्यते संगं."

"मग?"

"मंग माह्या हातून भाऊ मेला. लिहा साहेब, काय लिहाचं ते."

मृताची बायको आणि आरोपी, दोघांच्या तोंडून एकच वाक्य! पोलिसाला आणखी काय हवं? मी तिच्या जबाबात मोठ्या झोकात लिहिलं, ‘आरोपी बंदूक घेऊन माझ्या पतीची वाट पाहत होता.’ म्हणजे दबा धरून केलेला खून. कलम ३०२, फाशी नाहीतर जन्मठेप. आरोपीच्या वकिलाने जामिनाच्या अर्जात स्वसंरक्षणाचा मुद्दा घेतला तेव्हा मी जमादारांना म्हणालो, "वाट पाहत बसलेल्या माणसाचं कसलं आलंय स्वसंरक्षण?" जमादारांनी तिचा जबाब पुन्हा काढून वाचला. मग म्हणाले, "साहेब, त्या बाईले एकदा जबाब वाचून दाखवू."

कायद्याने तशी गरज नव्हती. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. पण तेरवी उरकल्यावर आम्ही गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. सासरा आणि दीर बाजेवर बसलेले. मी वाचत गेलो आणि त्या वाक्यावर तिचा हात थांबला.

"थांबा साहेब. ‘माझ्या पतीची’ हे मी कवा म्हटलं? मी त आमच्या ह्यायले पती म्हणतच नाई."

"तूच म्हणालीस ना, वाट पाहत होता?"

"वाट पाहून राह्यला होता. वाट! ह्यायनं आदल्या दिशी वाट नांगरून टाकली होती. हा वाकून थे नांगरलेली वाट पाहून राह्यला होता."

वाट पाहणे म्हणजे रस्ता पाहणे, हे माझ्या शुद्ध मराठीला सुचलंच नव्हतं.

सासरा बाजेवरून गुरकावला, "राहू दे वो सूनबाई. लिहिलं ते लिहिलं."

"कायले राहू देऊ मामंजी? माहं नाव आहे त्या कागदावर."

आता मी नीट विचारायला लागलो. पंचनाम्यात बाभळीच्या ताज्या तोडलेल्या फांद्या मीच नोंदवल्या होत्या. वाट अडवायला मयत काट्या टाकत होता हे उघड होतं. "फांद्या कशाने तोडल्या?" मी विचारलं. जागेवर तर कुऱ्हाड सापडली नव्हती. इतकी साधी गोष्ट इतके दिवस माझ्या डोक्यात आली नव्हती.

तिने दिराकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत बसला. मग ती उठली, तुराट्यांच्या ढिगात हात घालून कुऱ्हाड ओढून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. बोलणं वाढलं तशी ह्यायनं कुऱ्हाड उगारली, ती म्हणाली. तो मागं सरकत गेला, काट्यांच्या ढिगात उताणा पडला. हे कुऱ्हाड घेऊन त्याच्या अंगावर आले, तवा त्यानं पडल्या जागूनच बार काढला. शवविच्छेदनाच्या अहवालात छर्रे खालून वर गेल्याचं डॉक्टरांनी लिहिलेलंच होतं. मी ते जमिनीच्या उतारावर ढकललं होतं.

पंच बोलावून कुऱ्हाड जप्त केली, बाईचा पुरवणी जबाब घेतला. या वेळी तिचा शब्द न् शब्द तसाच लिहिला. निघताना न राहवून विचारलं, "तू त्याला माफ केलंस का?"

"माफ?" तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "तो माह्या मनातून उतरला तो उतरला. पण त्यानं फासावर जावं त केल्यासाठी जावं ना साहेब, न केल्यासाठी काहून?"

खटला तरीही ३०२ चाच उभा राहिला. स्वसंरक्षण होतं की नाही, हे कोर्टाने ठरवायचं. अकोल्याला सत्र न्यायालयात सरकारी वकिलांनी तिच्यासमोर माझा पहिला जबाब धरला आणि तासभर तिला घोळात घेतलं. आरोपीने किती पैसे दिले, इथपर्यंत विचारलं. तिने पदर सावरला आणि दर वेळी एकच उत्तर दिलं, "थे माहं बोलणं नोय."

मग माझी पाळी. एका वरिष्ठांनी आधीच सुचवलं होतं, ऐकण्यात फरक पडला असेल एवढंच सांगा, नाहीतर खात्याची शोभा होईल. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "‘माझ्या पतीची’ हे शब्द साक्षीदाराने उच्चारले होते का?" समोरच्या बाकावर ती बसली होती. तिने काय काय पणाला लावलं होतं ते मला ठाऊक होतं. तिच्यासमोर गुळमुळीत बोलायला जीभ वळेना.

"नाही," मी म्हणालो. "ते माझे शब्द आहेत. मी घातले."

स्वसंरक्षणाचा हक्क मान्य होऊन आरोपी निर्दोष सुटला. माझ्याकडून खुलासा मागवला गेला, तो मी दिला. पुढच्या सगळ्या नोकरीत साक्षीदाराच्या बोलीला मी पुन्हा हात लावला नाही, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला हीच गोष्ट सांगितली. धाडसी माणसं मी पुष्कळ पाहिली. चाकूसमोर छाती काढून उभे राहणारे शिपाई पाहिले. पण स्वतःचं कुंकू पुसणाऱ्याच्या बाजूने, घरच्यांच्या डोळ्यांत डोळे घालून खरं बोलणारं माणूस मला त्यानंतर दिसलं नाही. त्या बाईपुढे मी मनातून आजही वाकतो.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात आरोपी "वयनी" म्हणत तिच्या पाया पडायला आला. ती दोन पावलं मागे सरली. "दूर राय. तुले सोडवाले नाई आली मी." तो तसाच हात जोडून उभा राहिला.

नंतर एसटी स्टँडवर मी ऐकत होतो. सासरा म्हणाला, "आता आमच्या घरी पाय ठेवू नको. जा माहेरी." तिने पिशवी खांद्याला लावली.

"खरं सांगाले आली होती मी, घर सोडाले नाई," ती म्हणाली, आणि सासऱ्याच्या आधी गाडीत चढली.