शेवटचे दहा अंश

चहाचा ग्लास समोर आला की सर त्यावर तळहात धरायचे आणि म्हणायचे, "निवू द्या जरा." मग तो चहा पार गार होईपर्यंत तसाच राहायचा. गार चहा इतक्या आवडीनं पिणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर सांगा.

सर तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि मी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर. आमची ओळख झाली ती द्रव नायट्रोजनमुळे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या वीर्याच्या कांड्या आम्ही त्यात बुडवून ठेवतो, नाहीतर त्या वाया जातात. सरांना तोच नायट्रोजन हवा होता, एका मण्यासाठी.

मणी मसुराच्या दाण्याएवढा. टर्बियम नावाचा दुर्मिळ धातू ॲल्युमिनियमबरोबर वितळवून त्यांच्या एका जुन्या मित्रानं तो करून दिला होता. सर त्याला केसासारख्या चार तारा जोडत, त्यातून वीज सोडत आणि तो गार होत जाईल तसा विजेला होणारा अडथळा आलेखावर मांडत.

"ह्याच्यात बारकी बारकी लोहचुंबकं हायेत," ते मला समजावत. "ताडकळसच्या बाजारावानी, ज्याचं त्याचं तोंड तिसरीकडंच. विजेला धक्के खात जावं लागतंय. गार होता होता एका अंशाला सगळी एकीकडं तोंड करतेत. वाट मोकळी. आलेखाची रेघ तिथं मोडती अन् सरसर खाली उतरती."

"पुस्तकात असंलच की हे, सर."

"वाचलंय. डोळ्यानं न्हाई बघितलं."

रविवारी दुपारी मी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. नायट्रोजन ओतला की पांढरी वाफ टेबलावरून ओघळत फरशीवर पसरायची, सरांचे पाय घोट्यापर्यंत दिसेनासे व्हायचे. त्यांचा आवाज हळू व्हायचा. बाहेर पालमच्या रस्त्यानं एसटी गेली तरी ती लांब कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखातून गेल्यासारखी वाटायची. मग लाईट जायची किंवा एखादी तार सुटायची आणि सर म्हणायचे, "पुढच्या रविवारी."

पुढचे रविवार संपत आले. महिनाअखेर सर निवृत्त होणार होते, त्या खोलीत जुनी बाकडी ठेवायचं ठरलं होतं. दवाखान्याची नायट्रोजनची गाडी संध्याकाळी येणारच, या भरवशावर मी त्यांना डबा काठोकाठ भरून दिला. दोन तासांनी फोन आला, गाडी वाटेत बंद पडलीय, दोन दिवस लागतील. मी आमच्या कंटेनरमध्ये पट्टी बुडवून पाहिली. तीन बोटं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत अख्ख्या तालुक्याच्या कांड्या होत्या.

मी प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. सर पेन्सिल घेऊन आलेखावर वाकले होते. "दहाच अंश ऱ्हायलेत," ते लहान मुलासारखे हसत म्हणाले.

मी काय झालंय ते सांगितलं. अजून अर्धा तास लागला असता, आणि तेवढ्यात डब्यातलं बरंचसं उडून गेलं असतं. सरांनी आलेखाकडं पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि डब्याला बूच लावलं.

"घेऊन जा. म्हशी काय माझ्या निवृत्तीसाठी थांबायच्या न्हाईत."

गाडी दुरुस्त होऊन त्याच संध्याकाळी आली. तीन बोटं सहज पुरली असती.

हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. जीभच रेटली नाही. पुढं ते भेटले की विचारत, "झाली का वासरं?" मी म्हणायचो, झाली. एकदा तर त्यांना गाडीवर बसवून एका आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यावर नेलं आणि दावणीची म्हशीची एक वगार दाखवली. "ही तुमची, सर." ते कितीतरी वेळ तिच्याकडं बघत उभे होते. इतके खूश मी त्यांना आलेखापुढंही पाहिले नव्हते.

गेल्या वर्षी सर गेले. ती वगार आता म्हैस झालीय, दोनदा व्यालीय. त्या बाजूला गेलो की मी गाडी थांबवतो. मालक विचारतो, "काय डॉक्टर, काही बिघडलंय का हिचं?"

"न्हाई," मी म्हणतो, "सरांची हाय, बघून जातो."