औषध दिल्याची सही

संयोगिता मोहिते आमच्या वरच्या मजल्यावर राहते. वय अडतीस, शिक्षण नर्सिंगचा डिप्लोमा, वाहन एक जुनी ॲक्टिव्हा, आणि नोकरी सुभानपुऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात, सकाळी आठ ते रात्री आठ. तरसालीहून सुभानपुरा गाठायचं म्हणजे बडोद्याचं एक टोक सोडून दुसरं धरायचं. ती ते रोज करते आणि तक्रार करत नाही, हे मला सुरुवातीला जरा संशयास्पदच वाटायचं. मी कोर्टात चाळीस वर्षं घासून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. तक्रार नसलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

मोहित्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आमचे दफ्तरात. त्यांच्या दिवाणखान्यात एक तलवार आहे. संयोगिताचे सासरे उदयसिंहराव ती दसऱ्याला पुसतात आणि उरलेलं वर्ष तिच्याबद्दल बोलतात. आमच्याकडे आजोबांची दौत होती, ती पत्नीने, नीराने, कधीच भंगारात दिली.

गेल्या वर्षी सरकारी स्टाफ नर्सच्या भरतीची जाहिरात आली. संयोगितासाठी ही शेवटची संधी होती. पुढच्या खेपेला ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. सोळा वर्षं खाजगीत काढलेल्या बाईला सरकारी नोकरी म्हणजे काय, ते मी तिच्याच तोंडून ऐकलं. आठ तासांची पाळी, पेन्शनीचा थोडा आधार, आणि तिच्या मुलीला, वैष्णवीला, संध्याकाळी घरात आई दिसणं. लेखी परीक्षा, मग कागदपत्रांची तपासणी, आणि त्या तपासणीत दवाखान्याचा अनुभवाचा दाखला. दाखला नाही तर सगळं पाण्यात.

अभ्यासात कायदेशीर जबाबदारीचा एक धडा होता, म्हणून ती माझ्याकडे आली. मी हरखलो. निवृत्तीनंतर मला कायद्याचं काही विचारणारी ती पहिलीच. नीरा तर वकिलाला फोन करते, पण मला विचारत नाही. रोज सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी अर्धा तास आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. निष्काळजीपणा केव्हा सिद्ध होतो, संमती कोणाची घ्यायची, डॉक्टरने तोंडी सांगितलेलं औषध द्यावं का, हे सगळं मी चहाच्या दोन कपांत उरकायचो. तिचं पुस्तक म्हणायचं की जे स्वतः केलं आणि डोळ्यांनी पाहिलं तेच लिहावं, लगेच लिहावं. माझं चाळीस वर्षांचं शहाणपण उलटं होतं. कमी लिहावं, उशिरा लिहावं, आणि सही शक्यतो दुसऱ्याची घ्यावी. ती हसायची आणि पुस्तकातलं पाठ करायची.

दुसरा अवघड धडा यकृताच्या आजारांचा. तिथे मास्तर ती होती, कारण यकृत माझं होतं.

मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. गुजरातेत ती मिळत नाही म्हणतात. मिळत असेल तर मला कोणी विचारलं नाही. पण सिरोसिस हा शब्द सोसायटीत फुटला आणि लोक माझ्याकडे नव्याच आदराने पाहू लागले. खरं कारण साधं आहे. वीस वर्षांचा मधुमेह, आणि घडियाळी पोळेत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीत, गेलेलं बालपण, जिथे दर दहा पावलांवर कोणीतरी काहीतरी तळत असतं. संयोगिता रोज सकाळी शिंप्याच्या टेपने माझं पोट मोजायची, आकडा वहीत लिहायची आणि पोटात पाणी का साचतं ते मलाच समजावून सांगायची. अख्खा धडा तिने माझ्यावर पाठ केला. मीठ बंद करून माझं जेवणही बेचव केलं.

दिवाळीत मी चोरून फरसाण खाल्लं आणि पोट मोजायला टेप अपुरी पडू लागली. परीक्षा तीन आठवड्यांवर असताना मला तिच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डात भरती केलं.

पोटातलं पाणी काढलं. मी जरा सुस्त वाटतो म्हणून डॉक्टरांनी एक पातळ, गोड औषध सुरू केलं, दिवसातून तीनदा. खराब यकृतामुळे रक्तात विष साचतं आणि डोक्यात भ्रम होतो. या औषधाने दोन-तीन वेळा पोट साफ होतं आणि ते विष बाहेर पडतं. मला हे सगळं ठाऊक होतं. धडा माझ्यासमोरच पाठ झाला होता.

पण ठाऊक असणं वेगळं आणि दुसऱ्या खेपेला बाथरूमच्या दारात पाय लटपटणं वेगळं. तेव्हा धावत आली ती संयोगिताच. तिने मला धरलं, आत नेलं, पायजम्याची नाडीसुद्धा तिने सोडली. घरी ती माझ्यासमोर डोक्यावरचा पदर सरळ करते. सणाला वाकून नमस्कार करते. ती सुनेसारखी पोर माझी नाडी सोडतेय, आणि मी तिला कलमं शिकवणारा! त्या क्षणी यकृत गेलं तरी चालेल, असं मला वाटलं.

वॉर्डात चौदा खाटा आणि एका पाळीला नर्स एक. तिथली रीत अशी की औषधाचे छोटे पेले प्रत्येकाच्या उशाच्या टेबलावर ठेवायचे आणि मग फायलींच्या ओळीत सगळ्या सह्या एकदम करायच्या. माझ्या बाबतीत तर ती पाहत थांबणं शक्यच नव्हतं. काकांच्या डोक्यावर उभं राहून औषध प्या म्हणायचं कसं? तिचा तो मान होता आणि माझी ती सोय झाली. भेटायला आलेल्या जुन्या सहकाऱ्याने एक शहाळं आणलं होतं, त्याचं पाणी नीराच प्यायली. रिकामं शहाळं मी टेबलाखालच्या कप्प्यात ठेवलं आणि दुपारी दोनचा पेला त्यात ओतला. मग सातचा. दुसऱ्या दिवशी नऊचा, दोनचा आणि सातचा. प्रत्येक वेळी तिने लांबूनच "काका, घेतलं ना?" विचारलं आणि मी मान डोलावली. पाच पेले, पाच सह्या.

पुढचं मला आठवत नाही, नीराने सांगितलं ते असं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना साहेब म्हणून हात जोडले आणि पुढची तारीख मागितली. हात पुढे करायला सांगितले तर पंजे आपोआप फडफडत होते. कागदावर सही करायला सांगितली. ज्या हाताने रोज शे-दोनशे सह्या केल्या, त्याला माझ्या शरच्चंद्र या नावातला श सुद्धा जमला नाही. मग मी झोपलो आणि हाकेला उठेनासा झालो.

डॉक्टर गोंधळले. फाईल सांगत होती की औषध सगळं गेलंय. म्हणजे मग आत रक्तस्राव? जंतुसंसर्ग? डोक्यात काही? मला स्कॅनला न्यायची तयारी सुरू झाली. खाट सरकवायला संयोगिताने टेबल ओढलं, तेव्हा कप्प्यातून मुंग्यांची रांग निघालेली तिला दिसली. तिने शहाळं बाहेर काढून तिरकं केलं. नीरा म्हणते, ती एवढी पांढरी पडली की आता हिलाही खाट लागणार असं वाटलं. पण ती वळली आणि सगळ्यांसमोर डॉक्टरांना म्हणाली, "सर, यांनी औषध घेतलेलं नाही. मी न बघता सह्या केल्यात."

तेच औषध मग एनिमाने दिलं. जी लाज टाळायला मी एवढं केलं, ती दुपटीने झाली. दोन दिवस माझं सगळं तिनेच केलं. दुसऱ्या वॉर्डातली कोणी पुढे आली तरी तिने तिला हात लावू दिला नाही. शुद्धीवर आल्यावर हे ऐकून मी रडलो, आणि मला रडताना नीराने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

मी शुद्धीवर आलो त्या दुपारी संयोगिता खाटेशी बसून एक कोरा फॉर्म भरत होती. घडलेल्या चुकीचा लेखी अहवाल. थोड्या वेळाने दवाखान्याचा व्यवस्थापक आला, गोड बोलणारा माणूस. "बेन, लखवानी शी जरूर छे?" म्हणाला, लिहायची गरजच काय. पेशंट बरा आहे, नातेवाईक शांत आहेत, तोंडी सांगितलं तेवढं पुरे झालं. लिहिलं तर मेमो द्यावा लागेल आणि मग दाखल्याचं बघावं लागेल. एवढं बोलून तो गेला.

मला त्याचं पटलं. खोटं का बोलू, अगदी मनापासून पटलं. मी उशीवर सरकून बसलो आणि नोकरीतलं सगळं शहाणपण पणाला लावून तिला समजावलं. फिर्यादी असलाच तर मी. माझी फिर्याद नाही. फिर्याद नाही तिथे खटला कसला? आणि चूक माझी, ओतलं मी. वैष्णवीचा विचार कर. दोन आठवड्यांनी परीक्षा, आणि तू स्वतःच्या हाताने दाखला फाडतेस?

तिने पेन खाली ठेवलं.

"काका, तुमच्या शहाळ्याला मुंग्या लागल्या म्हणून कळलं," ती म्हणाली. "वॉर्डात चौदा खाटा आहेत. बाकीच्या तेरा जणांनी घेतलं की नाही, मला माहीत नाही. सह्या मात्र मी चौदाही केल्यात."

मला निरुत्तर करणारे वकील चाळीस वर्षांत दोनच भेटले. ही तिसरी, आणि तीही सनदेशिवाय. तिने फॉर्म पुरा केला.

मेमो आला. पण दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक खाटेशी, पेला रिकामा होईपर्यंत, उभी राहू लागली. औषधांच्या फेरीला दुप्पट वेळ लागायचा आणि बाकीच्या नर्सेस तोंडं वाकडी करायच्या. माझ्याही डोक्यावर ती उभी राहिली. "चालो काका, पूरं करा," म्हणायची आणि मी मुकाट्याने प्यायचो. बाथरूमला जाताना पदर आणि नाडी दोन्ही विसरायला मी हळूहळू शिकलो.

परीक्षा दिली, पास झाली. मग दाखला हातात आला. सोळा वर्षांच्या कामाबद्दल दोन ओळी, आणि खाली, औषधाच्या नोंदीबाबत एकदा लेखी समज देण्यात आली आहे, ही तिसरी. माझं डोकं फिरलं. व्यवस्थापकाला फोन करून मी जे बोललो ते नीराने मध्येच फोन काढून घेतला म्हणून अर्धंच राहिलं. मग मी तीन पानी निवेदन लिहिलं, की औषध मीच ओतलं, बाईंचा दोष नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची निवेदनं फायलीला लावली, स्वतःचं हे पहिलंच. संयोगिताने ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.

तपासणी गांधीनगरला होती. नीराचा विरोध मोडून मी बरोबर गेलो, साक्षीदार लागला तर हजर पाहिजे म्हणून. तासभर बाहेरच्या बाकावर बसलो. कोर्टाबाहेर पक्षकार कसे बसत असतील ते मला तेव्हा कळलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अर्जावर पात्र असा शिक्का होता. तपासणी करणाऱ्या मॅडमनी दाखल्यातल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून लेखी खुलासा मागितला होता. तो तिने तिथेच लिहिला, आणि त्यांनी तो दोनदा वाचून फायलीला लावला.

बसमध्ये बसल्यावर मी हळूच विचारलं, माझं निवेदन जोडलंस ना? ती नाही म्हणाली. मग काय लिहिलंस? तिने मोबाईलवर त्या कागदाचा फोटो दाखवला. चारच ओळी. रुग्णाने औषध घेतले हे न पाहता मी पाच वेळा सही केली. त्यामुळे रुग्णाला इजा झाली. ही चूक मी स्वतः कळवली. त्यानंतर न पाहता मी एकही सही केलेली नाही. मी ओतल्याचं एक अक्षर नाही.

मी म्हणालो, अगं, एवढी मोठी बाजू तुझ्याकडे होती, ती मांडली का नाहीस?

"तुमचं नाव आलं असतं, आजार आला असता," ती म्हणाली. "पेशंटचं असं चारचौघांत मांडायचं नसतं, काका."

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त माया वाटली. माझी स्वतःची मुलगी असती तर तिचा याहून जास्त अभिमान वाटला नसता.

दोन वाजले. बस अहमदाबाद सोडून बाहेर पडत होती. पिशवीतून मी बाटली काढली, पेल्यात माप भरलं आणि तिला म्हणालो, बघ. तिने वळून, सरळ माझ्याकडे बघितलं. मी पेला रिकामा केला आणि उलटा करून दाखवला. शेजारचा प्रवासी जरा सरकून बसला.

"वाटेत बस थांबवावी लागेल," मी म्हणालो.

"थांबवू," ती म्हणाली. "कंडक्टरला मी सांगते. तुम्ही फक्त मला वेळेवर सांगा."

नडियादला एकदा आणि आणंदला एकदा, मी तिला वेळेवर सांगितलं.