कोपऱ्यातलं टिंब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भिकादाजींच्या केसपेपरवर मी टिंब दिलं नव्हतं.

टिंबाची युक्ती सुमनताई साळव्यांची. नव्वदच्या दशकात सुरतेतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी केसपेपर काढायचो, ताई समुपदेशक होत्या. त्यांची खोली पटांगणापलीकडच्या इमारतीत. लोक तिला वेड्यांची इमारत म्हणत. लिव्हरच्या डॉक्टरांनी पाठवलेला पिणारा तिकडे न वळता सरळ फाटकाबाहेर पडायचा. एक दिवस ताईंनी स्वतःचं स्टूल उचललं आणि लिव्हरच्या ओपीडीत वजनकाट्याशेजारी आणून ठेवलं. "पोट इथं, मन तिकडं, असा माणूस दोन फेऱ्यांत येतो होय, डॉक्टर?"

गुजरातेत दारूबंदी. कागदावर 'पितो' लिहिलं की पोलीस येतील, ही लोकांची धास्ती. म्हणून ठरलं, खिडकीवर मला वास आला, हात थरथरताना दिसला, की केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीक टिंब द्यायचं. टिंबवाला आधी ताईंसमोर बसायचा.

कतारगामचा एक हिरेकारागीर तोऱ्यात म्हणाला, "बेन, गुजरातमां तो दारूबंदी छे!"

"हो का? मग तुझ्या लिव्हरला कुणी कळवलं नाही वाटतं!"

तो हसला. मग ताईंनी हळूच विचारलं, "शेवटचा घास गोड कधी लागला रे?" 'पितोस का' हे त्या कधीच विचारत नसत.

भिकादाजी माझ्या बहिणीचा नवरा, कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला. डोळे पिवळे घेऊन खिडकीशी आले. "भाऊ, त्या बाईफुढे माले नको बसाडू. तुन्ही बहिणले समजी जाई."

बहिणीचं निमित्त झालं. खरं म्हणजे दर रविवारी त्यांच्यासोबत प्यायला मीच बसायचो. ताईंनी घासाचं विचारलं असतं तर दाजींनी माझं नाव घेतलं असतं. कोपरा कोरा ठेवून मी पेपर पुढे सरकवला.

ताईंनी विचारलंही, "पाटीलभाई, ह्यांचं काय?"

"साधी कावीळ, ताई. माळकरी माणूस."

असे ते तीनदा ताईंच्या समोरून गेले. चौथ्यांदा पोट फुगलेलं, शुद्ध नव्हती. ते पीत होते, आणि माझे दाजी होते, हे डॉक्टरांना तेव्हा कळलं, ताईंनाही. आठवड्यात दाजी गेले.

ताई काट्याशेजारी बसून होत्या. "तीनदा गेला हो माझ्यापुढून. माझं नाक काय झोपलं होतं? तुम्हाला घरच्यांनीही फसवलं, पाटीलभाई. तुमचं टिंब कधी चुकलं नाही. चुकले मी."

मी मान हलवली. फक्त मान हलवली!

त्यानंतर ताई टिंबावर विसंबल्या नाहीत. जेवणाची सुट्टीही न घेता प्रत्येकाला स्वतः विचारत राहिल्या, निवृत्त होईपर्यंत. माझं पिणं सुटलं ते भीतीनं. त्यात शहाणपण काही नव्हतं. अजूनही कुठलाही कागद हातात आला की नजर आधी कोपऱ्यात जाते.

ताई आता भुसावळला भाच्याकडे असतात. पत्ता माझ्या पाकिटात आहे. चूक तुमची नव्हती, माझी होती, हे मी त्यांना समोर बसून सांगायचं देणं लागतो. आणि त्यांच्याआधी माझ्या बहिणीला.